येसूबाईंना यादीत आणणारी नबीला

मी सहजासहजी कुणाला मानत नाही, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रंथालयातल्या नबीला होडेकरला मात्र मी मानतो. का मानतो, ते सांगतो.

नबीला राजिवड्याची. वडील अली होडेकर आखातातल्या जहाजांवर होते, ते आता नाहीत. भाऊ उमेर कतारला. आई मैमुनाबी घरीच शिवणकाम करतात आणि त्यांच्या हातच्या ब्लाउजासाठी पार शिरगावहून बायका येतात. नबीला लहानपणापासून त्या मशीनशेजारी बसून अभ्यास करत आली. एम.लिब. झाली, आमच्याकडे लागली. बोलणं कमी. कुणी घाईघाईने काही विचारलं की आधी म्हणते, "थांबा." मग कामाला लागते. आपण उभे ते उभेच. सुरुवातीला या 'थांबा'चा मला भारी राग यायचा.

आमचं कॉलेज 'खाजण' नावाचं नियतकालिक काढतं. किनारा, खाडी, बागायत असे विषय. मी त्याचा संपादक. लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी लागते, आणि ती हल्ली कुणी हाताने लिहीत नाही. प्रत्येक पुस्तकाची, लेखाची माहिती एकदा संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची. मग नाव आधी की साल, स्वल्पविराम कुठे, तिरपी अक्षरं कुठे, हे सगळं नियतकालिकाच्या शैलीप्रमाणे ते आपोआप मांडतं. आमची शैली आधीच्या संपादक मंडळाने कुठल्याशा परदेशी नियतकालिकावरून उचललेली. चालत होती, म्हणून कुणी तिच्या वाटेला गेलं नव्हतं.

तर एका दुपारी दीपाली रडवेली होऊन ग्रंथालयात आली. दीपाली आमची संशोधक विद्यार्थिनी. तिचा लेख पूर्णगडच्या खाडीतल्या मुळ्यांवर, म्हणजे ओहोटीला बायका वाळूतून जे शिंपले काढतात त्यांच्यावर. अर्ध्याहून अधिक माहिती येसूबाईंनी दिलेली. आयुष्यभर त्या खाडीत उतरलेली बाई. पण बोलायला तयार नव्हत्या. पूर्वी कुणी एक गृहस्थ त्यांच्याकडून सगळं विचारून गेले आणि पुस्तकात येसूबाईंचं नाव औषधालाही नव्हतं. म्हणून त्यांनी दीपालीला बजावलं होतं, "माजा नाव छापून येनार आसल तर बस. नायतर चाय पी आनि एसटी धर." दीपालीने शब्द दिला होता.

आणि आता अंक छपाईला जायच्या बेतात असताना यादीत येसूबाई नव्हत्या. दीपालीने मुलाखत नीट भरली होती, नाव, गाव, तारीख सगळं. तरी यादी तयार झाली की त्या गायब. हाताने लिहून पाहिलं, तर यादी ताजी केल्याबरोबर सॉफ्टवेअरने ती ओळ पुसून टाकली. आमची वेबसाइट यादी थेट तिथूनच उचलते, त्यामुळे हातचलाखीला वाव नाही.

मी तिथेच होतो. दीपालीला समजावलं की मुलाखती यादीत घेत नाहीत, तशी पद्धतच आहे. पुस्तक वाचक उघडून बघू शकतो, बोलणं कुठे पडताळणार?

नबीला पुस्तकांवर शिक्के मारत होती. मान वर न करता म्हणाली, "पूर्णगडला एसटी जाते की, सर."

तिने शिक्का बाजूला ठेवला आणि म्हणाली, "थांबा."

शैलीची फाइल तिने उघडली. इंग्रजी शब्द, कंस आणि खुणा यांची ती रांग पाहूनच मला घेरी आली. तिने आधी फाइलची दुसरी प्रत काढली. "हा कच्चा टाका," म्हणाली. "अम्मी मशीन मारायच्या आधी घालते तसा. उसवला तरी कापड शाबूत." मग वरून खाली वाचत गेली. पुस्तक असेल तर असं मांडा, लेख असेल तर तसं मांडा, असे नियम एकाखाली एक होते. मुलाखतीपाशी आली आणि तिने बोट ठेवलं. तिथे लिहिलेलं होतं की मुलाखत असेल तर काहीच मांडू नका. एवढ्याशा ओळीने येसूबाईंना खाडीबाहेर काढलं होतं.

पहिल्या बदलाला यादीतली सगळी नावं उडाली आणि नुसते स्वल्पविराम उरले. दीपालीने कपाळाला हात लावला. नबीला शांतपणे एक पाऊल मागे गेली, एकच गोष्ट बदलली, यादी ताजी केली, पाहिलं. परत एक. परत पाहिलं. तिला ना घाई होती ना कंटाळा. आणि मग, मोठमोठ्या ग्रंथांच्या मधोमध, एक ओळ सरकून आत आली: येसूबाई, पूर्णगड. खाडीतील मुळे. प्रत्यक्ष बोलणे.

दीपाली रडायला लागली. नबीलाने तिच्याकडे पाण्याची बाटली सरकवली आणि मला विचारलं, "बाकीचे लेख?"

तीच शैली तिने अंकातल्या सगळ्या लेखांना लावली. एकेक यादी ताजी होत गेली, आणि माणसं वर यायला लागली. आंब्याच्या लेखात लांज्याकडचे महिपत कलमवाले. भाताच्या लेखात काशीबाई. होड्यांच्या लेखात जयगडचे दोन सुतार. लेखकांनी सगळ्यांची नावं इमानाने भरली होती. ती सगळी आतच होती, बाहेर यायला वाट नव्हती. खरं सांगतो, इतक्या वर्षांत इतक्या याद्या मी तपासल्या, पण यादी अशी वाचत बसावी असं कधी वाटलं नव्हतं.

अंक निघाल्यावर आम्ही तिघं पूर्णगडला गेलो. येसूबाई अंगणात मुळे उकडत होत्या. दीपालीने पान उघडून समोर धरलं. त्यांनी हात पदराला पुसले.

"खय हाय मी?"

नबीलाने त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. येसूबाईंनी ते बोट बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाल्या, "बसा. आता खरा काय ता सांगतंय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे आधीचं खोटं होतं?" दीपालीने घाबरून विचारलं.

"खोटा नाय. अर्धा."

आणि त्यांनी सांगितलं. पुळणीचा, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूचा, एक पट्टा तिथल्या बायका कधीच खणत नाहीत. उपास पडला तरी नाही. त्याला त्या 'माहेर' म्हणतात. बारके मुळे तिथेच वाढतात आणि भरतीबरोबर साऱ्या खाडीत पसरतात. तो पट्टा दर काही वर्षांनी कुठे सरकतो, ते पायाला कसं कळतं, हे त्यांच्या सासूने त्यांना सांगितलं होतं. इतकं खणूनही मुळे संपत कसे नाहीत, या दीपालीच्या लेखातल्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, ते उत्तर हे होतं. नाव छापून येईपर्यंत बाईंनी ते राखून ठेवलं होतं.

"पुढच्या लेखात ह्याची वेगळी नोंद करावी लागेल," दीपाली लिहिता लिहिता म्हणाली. "यादीत तुमच्या दोन ओळी होणार, मावशी."

मी संपादक पडलो, मला राहवलं नाही. म्हणालो, "फक्त दुसऱ्या ओळीत नाव येणार नाही हं. तेच नाव पुन्हा आलं की तिथे नुसती रेघ येते. आमच्या शैलीचा नियम आहे."

येसूबाईंनी टोपावरचं झाकण काढलं, मुळे उघडलेत का ते पाहिलं.

"सासूनं सांगितलेला सांगलंय मी," त्या म्हणाल्या. "रेघंच्या जागी तिचा नाव घाला. सत्यवती."

मी नबीलाकडे पाहिलं. तिने लॅपटॉप आधीच मांडीवर घेतला होता.

"थांबा," ती म्हणाली.

आम्ही थांबलो.