चिकटवलेले नट

वीसेक वर्षांपूर्वी नॉर्थ कॅरोलिनात मी शर्यतीच्या गाड्यांच्या एका टीमकडे सफाईला होतो. शाळा सातवीत सुटलेली, इंग्रजी तोडकंमोडकं. चुकलो तर काढून टाकतील, या धास्तीने कोणाला काही विचारायचोच नाही.

तिथे एक म्हातारे गृहस्थ चाकांना नट चिकटवत बसायचे. आधी प्रत्येक नटात करंगळी फिरवून आटे तपासायचे. शर्यतीत चाक बदलताना वेळ जाऊ नये म्हणून नट आधीच पिवळ्या गोंदाने चिकटवतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? एका सकाळी घाण समजून मी चार चाकांवरचा गोंद खरवडला आणि नट चकचकीत पुसून ठेवले.

गृहस्थ पोट धरून हसले. "दोस्ता, इतके सुंदर नट मी जन्मात पाहिले नाहीत!"

मग दोघांनी मिळून ते पुन्हा चिकटवले. तेवढ्यात साहेब आले. "गोंद अजून ओला कसा?"

मी गोंदाने माखलेले हात पाठीमागे लपवले.

"माझंच काम मला पटलं नाही. पुन्हा केलं," गृहस्थ म्हणाले.

साहेब गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "विचारत जा रे. मी काय चावतो?"

दुसऱ्या दिवसापासून मी विचारतच सुटलो. दर वेळी ते हातातला नट खाली ठेवून सांगायचे.