इंजिन चालतं, गाडी जात नाही

बॉनेटवर बोंबील वाळत होते. ते उचलल्याशिवाय बॉनेट उघडता येत नव्हतं, आणि उचलायला घरमालकीण मोनीबाय तयार नव्हत्या.

“सांजच्याला ये,” त्या म्हणाल्या. “अजून अर्धे ओले हायेत.”

“बाई, मी अंधेरीच्या वर्कशॉपमधून आलोय. गाडी बघायला.”

“मग बघ ना. बोंबलांनी तुझे डोळे झाकलेत?”

मी तेव्हा सर्व्हिस इंजिनियर होतो. बी. ई., मेकॅनिकल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. वडील गिरणीत फिटर होते आणि त्यांनी माझा निकाल अख्ख्या खात्याला तोंडी सांगितला होता. मीही ही गोष्ट जिथं तिथं सांगतो. का सांगू नये? चोरी थोडीच केली होती. पण बोंबलांपुढं डिग्री चालत नाही, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी आमचे वर्क्स मॅनेजर कर्णिकसाहेब म्हणाले होते, “परब, मरोळला जा. इनास मिरांडा म्हणून ख्रिस्ती शेतकरी आहेत. त्यांच्या जीपची कम्प्लेंट आहे.”

“काय कम्प्लेंट?”

“इंजिन चालतं, गाडी जात नाही.”

“क्लच गेला असेल.”

“इथं बसून नाडी बघू नका, डिग्रीवाले. जाऊन बघा. रविवारी त्यांच्या मुलीचं लग्न आहे आणि नवरी त्याच जीपमधून चर्चला जायचीय.”

ही जीप डिस्पोजलची. म्हणजे लढाई संपल्यावर लष्करानं ज्या गाड्या मोडीत काढून विकल्या त्यांतली. तशा गाड्या तेव्हा उपनगरात बऱ्याच होत्या. दणकट, चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येतो अशा. मी पाहिली ती मात्र गाडी आहे हे सांगावं लागत होतं. मागचं डावं चाक जॅकवर उचललेलं. त्याचा टायर काढून आंब्याला झोपाळा केलेला. टायर नसलेल्या चाकावरून एक रुंद पट्टा विहिरीवरच्या पंपाला गेलेला. इंजिन सुरू केलं की चाक फिरे, पट्टा फिरे, पंप चाले आणि पाणी वर टाकीत पडे. त्या आळीत अजून वीज नव्हती. सगळ्या मरोळमध्ये नळ उघडला की पाणी येणारं स्वयंपाकघर मोनीबायचंच होतं.

“घेतली तवा गाडीच होती,” इनासबाबा म्हणाले. पिळदार मिशा, कमरेला लुंगी, हातात जीपचं हॅंडल. सेल्फ-स्टार्ट नव्हता, कारण बॅटरी घरात होती. बॅटरीवर रेडिओ चालत होता. “मंग पंपाला लावली. चार दिसांपुरती.”

“किती वर्षं झाली?”

“लुसी शाळेत होती.”

लुसी म्हणजे नवरी. ती दारात उभी राहून हसत होती. तिच्या डोक्यावर दाराच्या चौकटीत जीपचा हॉर्न ठोकलेला होता. पाहुण्यांनी बटण दाबलं की तो वाजे आणि अंगणातल्या कोंबड्या उडत. कोंबड्यांच्या खुराड्याला समोरची काच होती. पुढची सीट व्हरांड्यात सोफा म्हणून होती, तिच्यावर झालर लावलेलं क्रोशाचं कव्हर.

मी बोंबील उचलले. मोनीबायनी मला दोन शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही.

क्लच ठणठणीत होता. इंजिनही सुरेख. मग मी जीप जॅकवरून उतरवली, झोपाळ्याचा टायर परत बसवला, गिअर टाकला आणि क्लच सोडला. मागून कडकड असा आवाज आला. गाडी जागची हलली नाही.

आता हे जरा समजावून सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरेन्शियल म्हणतात. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. त्या दोघांचा समेट हा गोळा घडवतो. त्याच्या पोटात लहान लहान गिअर असतात. रस्त्यावर त्यांना वळणापुरतंच काम. पण एक चाक जमिनीवर घट्ट ठेवून दुसरं हवेत गरगर फिरवलं, तर हे बिचारे गिअर सारखे झिजत राहतात. इथं ते वर्षानुवर्षं रोज सकाळ-संध्याकाळ झिजले होते. त्यांचे दात पंप फिरवण्यापुरते उरले होते, गाडी ओढण्याइतके नव्हते. बाकीचे मिरांडा कुटुंबानं पाण्याबरोबर पिऊन टाकले होते.

“नवीन पार्ट?” इनासबाबांनी विचारलं.

“डिस्पोजलच्या गाडीचा? शोधायलाच महिना जाईल.”

“रविवारी लगीन हाय.”

“टॅक्सी सांगा ना.”

इनासबाबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी नवरीला पायी पाठवायला सांगितलं. मग ते आवाज चढवून बोलले. इतका चढवून, की मला वाटलं मी बहिरा आहे असा त्यांचा समज झालाय.

“माजी मोठी पोर बैलगाडीतनं चर्चला गेली! दुसऱ्याच्या बैलगाडीतनं! त्याच दिशी मी बोललो, लुसी जाल तं माज्याच गाडीतनं जाल!”

“गाडी गेली तर!” भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं.

त्या भिंतीपलीकडं शिडीवर उभा राहून एक माणूस विडी ओढत होता. पिळदार मिशा तशाच. ते सांतान, इनासबाबांचे धाकटे भाऊ आणि त्या बैलगाडीचे मालक. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जमीन वाटून घेताना मधे भिंत घातली होती. विहीर एकच, म्हणून भिंत विहिरीच्या तोंडावरून गेलेली. अर्धी विहीर इकडं, अर्धी तिकडं. पण पंपाचा पाइप तळापर्यंत असल्यामुळे सगळं पाणी इकडं. सांतानच्या बादलीला रोज सकाळी चिखल लागे. भांडण त्याचं होतं.

मी रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही. उत्तर मला तिथंच सुचलं, आणि ते मी अजूनही अभिमानानं सांगतो. मागचा डिफरेन्शियल मेला, पण पुढे तसाच दुसरा असतो! तो लढाईनंतर कुणी वापरलाच नव्हता. मागच्या चाकांना जोर नेणारा दांडा मी काढून टाकला. पुढचा गिअर लावला. आता पुढची चाकं गाडी ओढणार आणि मागची नुसती गडगडत येणार, बैलगाडीसारखी. ही शेवटची उपमा मी इनासबाबांपुढं वापरली नाही.

जीप हलली. लुसीनं टाळ्या वाजवल्या. इनासबाबांनी मला मिठी मारली.

मग दोन दिवस मी घरातून गाडी गोळा केली. हॉर्न मिळाला नाही. पाहुणे यायचे होते. काच कोंबड्यांकडून घेतली. सीटसाठी मोनीबाय आडव्या आल्या.

“सोयरे येनार! त्यांना बसवू कुठं, तुज्या डिग्रीवर?”

“बाई, नवरी उभ्यानं जाणार का?”

यावर घरात बैठक झाली. ठरलं असं, की सीट रविवारी सकाळी सोयरे उठल्यावर काढायची. कव्हर मात्र तसंच ठेवायचं.

शुक्रवारी मी ट्रायल घ्यायला बसलो. पहिला गिअर, हळूच क्लच, जीप विहिरीपासून निघाली, चिंचेला वळसा घालून थेट गेटपाशी आली. तिथं मी ब्रेक दाबला.

गेट माणसापुरतं होतं. फार तर माणूस आणि एक म्हैस, तीही मागोमाग.

मी उतरलो. टेप लावून मोजलं. डोळ्यांवर विश्वास होता, पण इंजिनियरनं मोजावं.

“इनासबाबा, ही गाडी बाहेर कशी जाणार?”

“आँ?” त्यांनी गेटाकडं पाहिलं. मग जीपकडं. मग पुन्हा गेटाकडं. “अरे बापरे.”

“मग ती आत आली कशी?”

“ती आदी आली. भिंत मंगनं आली.”

भिंत बांधताना त्यांच्या मनात जीप ही गाडी राहिलीच नव्हती. ती पंप झाली होती. पंपाला कोण गेट ठेवतो? गवंड्यानं विचारलं होतं म्हणे, गेट केवढं ठेवू. हे म्हणाले, म्हैस जाल एवढं ठेव. घरात जाणारी-येणारी सगळ्यात मोठी वस्तू तीच होती.

“मग पुढची भिंत फोडू या,” मी म्हणालो.

मोनीबायनी छातीवर क्रूसाची खूण केली. त्या भिंतीत घराचा क्रूस बसवलेला होता, लग्नासाठी नुकताच रंगवलेला. पोर घराबाहेर पडायच्या आधी क्रूसाची भिंत फोडायची? मागे आणि एका बाजूला शेजाऱ्यांची घरं. उरली चौथी बाजू. सांतानची. त्यांच्या अंगणाला बैलगाडीसाठी चांगलं ऐसपैस गेट होतं. मधे फक्त भिंत होती, आणि भिंतीवर विडी.

इनासबाबा लुसीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. सांतान शिडीवर आमच्यापासून हातभर अंतरावर होते.

“इंजिनेर, त्याला इचार, गाडी त्याच्या गेटातनं जाऊ देल का.”

मी मान वर केली. “सांतानबाबा—”

“आयकलंय मी. त्याला सांग, जाऊ देन. पर एका अटीवर.”

“कंची अट, इचार त्याला.”

“गाडी जाल तं जाल. परत आत याची नाय. पट्टा बंद, पंप बंद. माज्या बादलीला पानी पायजे.”

“त्याला सांग, ही तं अडवनूक हाय!”

“त्याला सांग, हाय!”

मी इकडं मान, तिकडं मान करत होतो. पगार इंजिनियरचा, काम तारमास्तरचं. शेवटी लुसी पुढं आली आणि कुणाच्याही मार्फत नव्हे, सरळ म्हणाली, “सांतानकाका, उद्या उंबराच्या पान्याला तू यनार का नाय?”

उंबराचं पाणी म्हणजे त्यांची रीत. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी भरून आणायचं. काका त्याला पाहिजेच.

सांताननी विडी विझवली. “यनार कुठनं? तुज्या बापाच्या गेटातनं म्हैस जाते.”

“भिंतीतनं ये,” लुसी म्हणाली.

इनासबाबांनी वर टाकीकडं पाहिलं. नळ जाणार होता. मोनीबायच्या चेहऱ्यावर तो आत्ताच गेलेला दिसत होता. शेवटी ते म्हणाले, “इंजिनेर, त्याला सांग, पहार घेऊन ये.”

भिंत फोडतानाही वाद झालाच. अर्ध्या विटा एकाच्या, अर्ध्या दुसऱ्याच्या, आणि पहिली वीट कुणाची पाडायची? मी स्लाइड रूल, म्हणजे हिशेबाची सरकती पट्टी, काढला, काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि सांगितलं की दोन्हीकडून एकदम घाव घातला तरच भिंत नीट पडेल. शास्त्रात असं काही नाही. पण डिग्रीचा असाही उपयोग असतो.

शनिवारी बँड आला. पंप बंद होता म्हणून विहीर काठापर्यंत आली नसली तरी बादली भरून येईल इतकी चढली होती. मोनीबायनी बऱ्याच वर्षांनी हातानं पाणी शेंदलं आणि कुरकुरत का होईना, नळापेक्षा थंड लागतं असं कबूल केलं. सांतान भिंतीच्या भगदाडातून नवा कोट घालून आले. कोटाला विटकरीचा लाल पट्टा लागला, तो त्यांनी दोन्ही दिवस सगळ्यांना दाखवला.

रविवारी लुसी क्रोशाच्या कव्हरवर बसून चर्चला गेली. हॉर्न घराच्या दारालाच असल्यामुळे बँडचा कर्णेवाला बॉनेटशेजारच्या मडगार्डवर उभा करून घेतला. प्रत्येक वळणावर तो कर्णा फुंकी. स्टिअरिंगवर मी. बाजूनं सांतान चालत होते आणि भेटेल त्याला सांगत होते, “गाडी भावाची. गेट माजं.”

जीप परत आत यायची नव्हती. म्हणून इनासबाबांनी ती जावयालाच देऊन टाकली. जावई मनोरीचा, कोळ्यांच्या वस्तीतला. लग्नानंतर लुसी होडीनं खाडीपलीकडं गेली आणि जीप अलीकडं मार्व्याच्या धक्क्यावर राहिली.

पुढच्या आठवड्यात दोघा भावांनी ते भगदाड एकत्र बुजवलं. भिंत हवी, यावर त्यांचं कधीच दुमत नव्हतं. पण या वेळी मधे गेट ठेवलं. जीप जाईल एवढं रुंद. जीप नव्हती, तरी.

पावसाळ्यानंतर एक दिवस कर्णिकसाहेबांनी मला केबिनमधे बोलावलं. ते हसू दाबत होते.

“परब, मार्व्याला जा.”

“काय झालं, साहेब?”

“जीप आहे. इंजिन चालतं, गाडी जात नाही.”

मी गेलो. पुढचं उजवं चाक जॅकवर होतं. टायर काढलेला. चाकावर जाड दोर गुंडाळलेला आणि दोराच्या टोकाला होडी. लुसीचा नवरा हॅंडल मारत होता, होडी वाळूवरून वर येत होती. मागच्या सीटवर बोंबील वाळत होते.

“मागचं चाक लावून बगितलं,” तो म्हणाला. “त्यात काय जोरच नाय. पुढचं लय भारी होतं. आता त्यात पन कडकड होतंय.”

या वेळी मी टेप काढला नाही. इंजिन किती चांगलं आहे तेवढं त्याला सांगितलं, होडी ओढायला थोडा हात लावला आणि दुपारी वर्कशॉपमधे परत आलो.

“काय निघालं?” साहेबांनी विचारलं.

“गाडीत काही बिघाड नाही,” मी म्हणालो. “ती आता गाडी नाही.”

तेव्हापासून कुणी मशीन दाखवायला बोलावलं की मी आधी ते कशाचं मशीन आहे हे विचारत नाही. घरात त्याचं काम काय, ते विचारतो. आणि आत शिरताना गेट बघून ठेवतो.