रिकाम्या चढाया

माझे गुण आटले त्या हंगामात गावातल्या प्रत्येकाला कबड्डी कळायला लागली. साखर आणायला गेले तरी दुकानदार सांगायचा, "उजवीकडनं घुस गो. डावीकडची तुझी चाल सगळ्यांना पाठ झालीय." जन्मात कधी मैदानात न उतरलेला माणूस! मी पिशवी उचलून निघायचे आणि घरापर्यंत दात खात यायचे.

त्याआधी शहापूर तालुक्यात कुठंही मुलींची स्पर्धा असली की बॅनरवर माझा फोटो असायचा. गुण हवा असला की आमची कर्णधार ताई नुसती माझ्याकडं बघायची. मी जायचे, एकदोघींना हात लावून परत यायचे. मग डोळखांबच्या सामन्यात मध्यरेषा वीतभर राहिली असताना मला मागं खेचलं. लागलं काहीच नाही. पण पुढच्या चढाईला रेषा ओलांडताना मनात आलं, आतापण धरणार. पाय जागीच अडले. मग ते अडतच राहिले. तोंडानं कबड्डी-कबड्डी चालू, समोर पोरी हात धरून उभ्या, आणि मी हात लांब करायच्या आधीच मागं सरकलेली.

सर म्हणायचे, "डोकं मोकळं ठेव." कसं ठेवायचं, ते सांगायचे नाहीत. आई मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. थोरले काका आमच्याकडं जेवताना वडिलांना म्हणाले, "आता स्थळं बघायला लागा. खेळून झालं तिचं." मी समोरच बसले होते. वडील खाली मान घालून भात कालवत राहिले. काकांच्या बोलण्यापेक्षा त्या गप्प बसण्याचा मला जास्त संताप आला. तुला काय होतंय, एवढं एकानंही विचारलं नाही.

मुरबाडला दुपारचा सामना होता. मी एक चढाई रिकामी आणली, दुसरी रिकामी आणली. तिसऱ्यांदा परत फिरले तेव्हा माइकवरचा निवेदक म्हणाला, "बाई आल्या, बाई बघून गेल्या! स्थळ पसंत नाही वाटतं!"

सगळं मैदान हसलं. आमच्या गावचेही हसले.

मी मॅट सोडली आणि सरळ त्याच्या टेबलापाशी गेले. "उतरा खाली," मी म्हणाले. "या, एक चढाई करून दाखवा. मी बसते इथं बडबड करत."

माइक चालूच होता. हसणं बंद झालं. पंचांनी पिवळं कार्ड दाखवून मला बाहेर बसवलं. बाकावरून मी त्याच्याकडंच बघत राहिले. त्याला आणखी बोलायचं राहिलं होतं.

बाहेर बसायची दोन मिनिटं संपत आली तशी ताई बाकापाशी आली. "चढाईला जाशील?"

"नाय."

"मग पकडीला कोपऱ्यात उभी रहा. पण बाहेर नाय बसायचं. कळलं?"

मी कोपऱ्यात उभी राहिले. त्यांची चढाईवाली पाय पुढं टाकून आली आणि मी तिचा घोटा असा धरला की ती तिथंच आडवी झाली. तिचा काही दोष नव्हता. तरी बरं वाटलं.

सामना आम्ही हरलो. आयोजक म्हणाले, मुलीनं माइकवर माफी मागायची. मी मान हलवली, नाही. तर वडिलांबरोबर सामना बघायला आलेले थोरले काका पुढं झाले, माइक घेतला आणि हात जोडून म्हणाले, "पोर आहे, चुकली. सांभाळून घ्या." परतीच्या जीपमध्ये मी त्यांना म्हणाले, "माझ्या वतीनं परत कधी बोलायचं नाय." वडील तेव्हाही गप्पच होते.

बाकीचा हंगाम मी कोपऱ्यातच खेळले. चढायांना दुसरी पोरगी जायची. तिची रिकामी आली तर मी कुणाला तोंड उघडू द्यायचे नाही. पुढच्या हिवाळ्यात सरावाला ताईनं सहज म्हटलं, "जा, एक मारून ये," आणि मी विचार न करता गेले, दोघींना मारून आले. का जमलं, मला आजही माहीत नाही.

बाकी सगळ्यांना माहीत होतं. सर म्हणाले, त्यांनी डोकं मोकळं ठेवायला सांगितलं होतं. आई म्हणाली, दृष्ट उतरली. दुकानदार तर गिऱ्हाइकांना सांगत होता, उजवीकडनं घुसायचं त्यानंच शिकवलं. मी साखर आता पार सापगावच्या दुकानातून आणते.