पाच पाटांची लॉरी

ही लॉरी मी बायकोसाठी घेतली, असं मी अमरावतीत भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. वकिलांच्या बाररूममध्ये सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, पेट्रोलच्या कुपनांसाठी ज्या कारकुनापुढे ताटकळलो त्यालाही सांगितलं. "लग्नाला चौदा वर्षं झाली, बिचारी चुलीपुढून हलली नाही. आता तिला चिखलदऱ्याला नेणार. आठ दिवस तंबू ठोकून राहणार, मोकळ्या हवेत." लोक माझं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं. तिला स्वतःला मात्र मी हे कधी समोर बसवून सांगितलं नाही. कानावर गेलं असणारच, कारण माझा आवाज कोर्टातला आणि घर लहान.

खरी गोष्ट अशी की मलाच एका जागी बसवत नव्हतं. लहानपणापासून पायाला भिंगरी. समोरच्या वकिलाचा युक्तिवाद चालू असला की मी खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ करायचो, कोटाची बटणं लावायचो आणि काढायचो. वकिली नवी होती तेव्हा हिवाळ्यात दौऱ्यावरच्या इंग्रज साहेबापुढे खटला चालवायला मी एकदा आमराईत गेलो होतो. झाडाखाली तंबू, तंबूसमोर मेज, मेजाखाली कुत्री. खटला मी हरलो, पण तो तंबू डोक्यातून गेला नाही. पुढे असाच एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची लांब कानांची कुत्री मी मागून घेतली. तिच्या सोबतीला आमच्या शेतावरची गावठी कुत्री होतीच. कुत्री आली, आता तंबू राहिला, असं माझं चाललं होतं.

महायुद्ध संपलं आणि लष्कराच्या गाड्या मोडीत निघाल्या. अकोल्याच्या एका जिनवाल्याने, तो माझा पक्षकार, कापसाच्या गाठी वाहायला तीन गाड्या घेतल्या होत्या. त्यातली लहान त्याला नकोशी झाली होती. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. आज तिला पिकअप म्हणतील, तेव्हा आम्ही लॉरीच म्हणायचो. त्या दिवशी अकोल्याच्या कोर्टात मी काय बोललो ते मला आठवत नाही. संध्याकाळी लॉरी माझी झाली होती. चार दिवस तिथेच मुक्काम ठोकून मी ती चालवायला शिकलो आणि मूर्तिजापूरच्या रस्त्याने, दोन कुंपणं पाडून, अमरावतीला आणली.

बाबा ओसरीत बसले होते. त्यांचा जन्म बाळापूरकडच्या काळ्या जमिनीत गेलेला. थकल्यावर ते आणि माय माझ्याकडे राहायला आले होते. त्यांनी लॉरीला एक फेरी घातली आणि विचारलं, "बैल कोठी जुंपतं रे इले?" मुलगी अकराची, मुलगा आठाचा, दोघं हौद्यात चढून नाचायला लागली. बायको दारात उभी होती. हात पिठाचे होते, ते पुसून आत गेली.

मग सुरू झालं माझं खूळ. उन्हाळ्याच्या सुट्टीला कोर्ट बंद व्हायचं, त्याच्या आत लॉरी सजवून तयार हवी होती. दमण्या, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाड्या, बनवणारा एक जुना सुतार मी गाठला. त्याला लॉरीतलं काही कळत नव्हतं आणि मला सुतारकामातलं, त्यामुळे आमचं फार जमायचं. बैलगाडीवर घालतात तशा बांबूच्या कमानी त्याने हौद्यावर घातल्या, त्यावर ताडपत्री. दोन्ही बाजूंना लांब पेट्या, आत धान्य, वर बसायला झाकण. मागच्या फळीला स्वयंपाकाची पेटी, तिचं झाकण खाली पाडलं की ओटा. पाण्याच्या पिंपाला तोटी. ताडपत्रीचा तंबू, त्याच्या खुंट्यांना वेगळी पिशवी.

कुत्र्यांसाठी तर मी काय करू नि काय नको असं केलं. केबिनच्या पाठीला लागून दोन खण, पुढे पट्ट्यांची दारं, खाली जिनातल्या वाया गेलेल्या कापसाच्या गाद्या. गावठी कुत्रीला गाडीत मळमळायचं, म्हणून तिचा खण फिरवून तिचं तोंड पुढे केलं. बडनेऱ्याच्या रस्त्याने दोघींना तीनदा फिरवून आणलं, नीट बसतात का, धक्के लागतात का पाहायला. सुतार म्हणाला, "सायेब, पोरीले सासरी धाडून राहिले जसे." मला राग आला, पण खण आणखी दोन बोटं रुंद करून घेतलेच.

माणसांच्या जागेचं मोजमाप झालं ते असं. सुतार आला तेव्हा आमची जेवणं नुकतीच झाली होती. मी हात धुऊन बाहेर आलो. त्याने विचारलं, "मानसं किती?" मी वळून पाहिलं. भिंतीशी पाट उभे करून ठेवले होते: बाबांचा, माझा, दोन मुलांचे आणि मायचा. माय पूर्वी मागून जेवायची, पण गुडघे गेल्यापासून आमच्याच पंगतीला बसायची. "पाच," मी म्हणालो. एवढंच नाही, पाटाइतकी जागा एका माणसाला पुरते, असा हिशेब करून मी पाचही पाट उचलले आणि स्वतः गाडीत नेऊन मांडले. दोन पुढे, तीन मागे. सुताराने पाटाभोवती खडूने रेघा मारल्या. काय नेमकं बसलं सगळं! एक बोट जागा वाया गेली नाही. मी खुश.

बायको मागच्या दाराशी आली आणि म्हणाली, "सारे पाट नेले काय?"

"उद्या देतो आणून," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन जेवायला बसली. चुलीजवळ, जमिनीवर, माझ्याच ताटात, रोज बसायची तशी.

निघायचा दिवस उजाडला. पहाटे चार वाजल्यापासून मी घरभर येरझाऱ्या घालत होतो. खुंट्या मोजत होतो, पुन्हा मोजत होतो, सगळ्यांवर खेकसत होतो. गल्ली गोळा झालेली. बाबा केबिनमध्ये, माय मागे लोडाला टेकून, मुलं आपापल्या जागी, कुत्री खणात. बायको आतून एकेक वस्तू आणून देत होती: दशम्यांचा डबा, लोणच्याची बरणी, मायची तेलाची बाटली. शेवटी तिने दोन्ही हात पुसले आणि ती लॉरीच्या मागे येऊन उभी राहिली. अंगावर धुतलेलं लुगडं होतं, हातात लहानसं बोचकं.

मी इंजीन चालू केलं होतं. "चाल, बस लवकर," मी ओरडलो.

"कोठी बसू?" तिने विचारलं.

मी खाली उतरलो. पाहिलं. पाच जागा, पाच माणसं. पेट्या, पिंप, स्वयंपाकाची पेटी, तंबू, कुत्र्यांचे दोन खण. हौद्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मला करता येण्यासारखी एकच गोष्ट मी केली: चिडलो. सुताराला शिव्या घातल्या, मुलांना सरका म्हणून दटावलं, पिंप उतरवायला धावलो. माय म्हणाली, "पोरगं मांडीवर घेतो मी." तिचे गुडघे ते. शेजारचे लोक बघत होते, आणि त्यांतल्या निम्म्यांना मी सांगून ठेवलेलं होतं की ही लॉरी कोणासाठी आहे.

"राहू द्या," बायको म्हणाली. "मी घरीच राह्यतो. शेजारच्या मावशी येतीन सोबतीले."

"असं कसं?"

"जा तुमी. ऊन व्हते."

इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. ती राहते म्हणाली तेव्हा मला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आत सुटल्यासारखंही वाटलं. इंजीन चालू होतं. तीन महिने मी या क्षणासाठी तडफडत होतो. मी चढलो आणि निघालो.

परतवाड्यापर्यंत मी गाडी कुठेच थांबवली नाही. घाटात इंजिनातलं पाणी तापलं, दोनदा थांबलो. चिखलदऱ्याला पोचलो, जांभळीखाली तंबू ठोकला, हवा खरंच गार होती, आणि मला एका जागी उभं राहवेना. लाकडं आणायला गेलो, ती टाकून पाणी आणायला गेलो. भाकऱ्या मायने बसल्या जागेवरून थापल्या, पिठलं मी हलवलं. मग सतरंजी अंथरून आम्ही पाचही जण ओळीने बसलो. ताटं पुढे घेतली, आणि वाट पाहत राहिलो.

सगळ्यांत आधी मुलीच्या लक्षात आलं. "बाबा, वाढणार कोण?" तिने मला विचारलं.

मी उठलो. बाबांना वाढलं, मायला वाढलं, मुलांना वाढलं. मुलाला मीठ हवं होतं, बाबांना पाणी, मुलीला कांदा, परत बाबांना भाकरी. प्रत्येक वेळी मी बसायला वाकलो की कोणीतरी काहीतरी मागायचं. मी जेवायला बसलो तेव्हा करपलेली अर्धी भाकरी होती आणि पातेल्याच्या बुडाचं पिठलं. चांगली भूक लागली होती आणि मला इतका राग आला की बोलायची सोय नाही. मग तो राग कोणावर काढायचा, हे शोधायला लागलो, आणि कोणी सापडेना. चौदा वर्षांची बायकोची दोन वेळची जेवणं. मी त्यातलं एकही नीट पाहिलेलं नव्हतं, आणि ती माझ्यापासून आठ हातांच्या अंतरावर, माझ्या पाठीमागे झाली होती.

कुत्र्यांनी पहिल्या दिवशी खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. घरी त्यांना भाकरी कुस्करून द्यायची ती बायको. इतका खटाटोप करून केलेल्या खणांत त्या बसेनात. लांब कानांची उतारावरच्या रस्त्याकडे तोंड करून कुंई कुंई करायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खुंट्या उपटल्या. "कुत्री मरतील," असं सगळ्यांना सांगितलं. माय म्हणाली, "अरे, आता तं आलो." बाबा म्हणाले, "याले कोठीच करमत नाही." ऐकून घेतलं. डोक्यात एकच होतं: घरी जायचं, सुताराला बोलवायचं, धान्याची एक पेटी काढायची, तिथे तिची जागा करायची, आणि तिला घेऊन यायचं. वाटेत मी तिला काय काय बोलणार तेही ठरवलं. अगदी मुद्देसूद.

पोचलो तेव्हा दुपार टळत होती. दार सताड उघडं होतं. ओसरीत, जिथे बाबा बसायचे तिथे, माझी बायको आडवी झाली होती. दिवसाढवळ्या तिला आडवं पडलेलं मी दोन बाळंतपणांखेरीज कधी पाहिलं नव्हतं. नुकतेच धुतलेले केस उशीवर मोकळे पसरले होते. उशाशी परातीत आंब्याच्या कोया होत्या, सहा-सात तरी, पार पांढऱ्या होईस्तोवर चोखलेल्या. खणाच्या पट्ट्यांवरून कुत्र्यांनी उडी मारली आणि त्या तिच्या अंगावर जाऊन पडल्या. ती हसली. खळखळून, मोठ्याने. तिचं हसणं इतकं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं.

मग तिला मी दिसलो. ती उठून बसली, केसांची गाठ मारली, पदर डोक्यावर घेतला.

"काहून आले? कोनाले लागलं काय? मायले बरं नाही काय?"

"सगळे बरे हायेत. तुह्यासाठी आलो," मी म्हणालो. मुद्देसूद काही आठवेना. "सुताराले बोलावतो. तुही जागा करून घेतो, मंग आपुन सगळे..."

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा लॉरीतून उतरणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मुलाने उतरता उतरताच भूक लागल्याचं सांगितलं.

"आठ दिवस म्हनले व्हते तुमी," ती म्हणाली.

रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो, भांडणं मला जमतात. कोणाच्या हातातून भरलेलं भांडं सुटावं आणि त्याने नुसतं खाली पाहत राहावं, तशी ती म्हणाली. मग परात उचलून उठली. "बसा. भाकरी टाकतो." आणि आत वळली.

तीन महिने मी तिच्यासाठी लॉरी सजवली, असं जगाला सांगितलं होतं. तिला हवी होती ती गोष्ट मी चुकून दिली होती आणि आता परत घ्यायला आलो होतो.

"थांब," मी म्हणालो. "आमी चाललो."

"कोठी?"

"चिखलदऱ्याले. पाच दिवस राहिले ना अजून."

माय ओरडली, "अरे, येडा झाला काय? तंगड्या तुटल्या माह्या!" बाबांचा एक पाय जमिनीवर होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो पाय उचलून परत केबिनमध्ये घेतला. "बस व बुडे," ते मायला म्हणाले. "गरम भाकर वाटेत खाऊ कोठीबी."

मुलांना मी उचलून मागे ठेवलं. बायको उंबऱ्यात उभी होती, परात हातात तशीच. कुत्र्यांना हाक मारणार, तोच ती म्हणाली, "कुत्री तेवढी राहू द्या."

गल्ली अरुंद, लॉरी वळवायला टोकापर्यंत जावं लागायचं. वळवून परत घरासमोरून आलो तेव्हा दार लागलेलं होतं, आतून कडी घातलेली. मुलांनी "आई, आई" म्हणून हाका मारल्या. आतून कुत्री भुंकली. बायको काही बाहेर आली नाही.