वहिनीचा दोर आणि घट्ट वरण

आमची वहिनी लुगड्याचा कासोटा मारून दोरावर चढायची. आज पहाटे ती गेली.

माझ्या थोरल्या भावाची बायको, मी तिची नणंद. विमलवहिनी.

माहेर अकोल्याचं. लग्नाआधी तिथल्या व्यायामशाळेत ती दोरावरचा मल्लखांब करायची. मग लग्न होऊन अमरावतीला आमच्या भाजी पिकवणाऱ्या माळ्याच्या घरात आली. आमच्याकडे दोर फक्त विहिरीला असायचा.

पुढे बाळंतपण. आईने डिंकाचे लाडू, अळीव, तूप असं काही चारलं, की वहिनीला दारातून तिरकं होऊन जावं लागायचं. हे तीच हसत सांगायची.

साठच्या दशकातली गोष्ट.

अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत पीटीच्या बाईंची जागा निघाली. परीक्षेत दोर चढून दाखवायचा होता. वहिनीला ती नोकरी मनापासून हवी होती. बाबा म्हणाले, एकदा जाऊन ये, पण नाही जमलं तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

म्हणजे एकच संधी.

वजन उतरवायचं, तर तेव्हा बायांना एकच औषध माहीत. उपास.

सोमवार, गुरुवार, चतुर्थी. सून देवभोळी झाली म्हणून आई खूश. सुरुवातीला साबुदाणा होता, तोवर एकादशी अन् दुप्पट खाशी. मग वहिनीने साबुदाणाही सोडला. नुसतं लिंबूपाणी.

आम्ही तिला भाजीची पोती तोलायच्या काट्यावर बसवायचो. वजन भराभर उतरलं.

दादाने निंबाच्या फांदीला दोर बांधून दिला. वहिनी अर्ध्यापर्यंत गेली आणि सरसर खाली आली. तळहात सोलले.

रडली नाही. चिडली.

"पोट तं तसंच हाये. मंग माहे दंडच कावून वाळून राहिले?"

उपासाने पोटाआधी दंड खाल्ले होते. तेव्हा तिला व्यायामशाळेतल्या बाई आठवल्या. त्या कुणालाही उपाशी दोराला हात लावू देत नसत. आधी भिजवलेले चणे, मग दोर.

उपास बंद झाले. भाकरी निम्मी, तेल-गूळ कमी. चणे, ताक आणि वरण मात्र भरपूर खायचं ठरलं. आणि रोज दोर. आधी नुसतं लोंबकळणं, मग हळूहळू वर.

पण वरण आणायचं कुठून? आमच्याकडे पुरुष आधी जेवायचे. बायांची पाळी येईपर्यंत आईने वरणात दोनदा पाणी घातलेलं असायचं. आमचं पोट भरायचं ते भाकरी, ठेचा आणि वरून तेलावर.

एका दुपारी वहिनी पाट घेऊन सरळ बाबा आणि दादाच्या पंगतीत बसली.

आईचा हात थांबला. मी चुलीपाशी भाकरी थापत होते.

"मले घट्ट वरन पायजे, आई. मांगून पाणी टाकलेलं नाई."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"वाढ तिले," ते म्हणाले. "वखराले जुपाच्या आंधी बैलालेही चारतो आपन."

सुनेला बैल म्हणाले, पण वरण मिळालं. वहिनी मान खाली घालून, हसू दाबत जेवली.

या वेळी काटा फारसा हललाच नाही. आई म्हणाली, वरण फुकट गेलं. वहिनीने जुनं पोलकं घालून दाखवलं. कमरेत सैल, दंडात घट्ट.

हल्ली माझी नात मला जिममधलं ज्ञान ऐकवते. फॅट घालवायचं, मसल टिकवायचा, प्रोटीन वगैरे. मी ऐकून घेते. मी हे सगळं निंबाखाली बघितलंय.

परीक्षेला मी सोबत होते. वहिनी टोकापर्यंत चढली, वरच्या कडीला हात लावला आणि घाई न करता, एकेक हात सोडत खाली आली. नोकरी मिळाली. निवृत्त होईपर्यंत तिने अकोल्याच्या पोरींना दोरावर चढवलं. मला तिचा फार अभिमान होता. आजही आहे.

बाळाला घेऊन ती अकोल्याला निघाली, त्या दुपारी मी सवयीने वाढायला उभी राहिले. आई म्हणाली, बस.

पहिल्या पंगतीत दोन ताटं जास्त होती. एक माझं.

दुसऱ्यावर आई स्वतः बसली, आणि वरणाची पळी तिने बाबांच्या हातात दिली.

वहिनी, तुला मनापासून नमस्कार. सुखाने जा.