पानाला हात लावणारे भाऊसाहेब

फोटोवाले भाऊसाहेब पानाला हात लावल्याशिवाय त्याचं नाव कागदावर लिहीत नसत. साग लांबूनही ओळखू येतो. पण हे चढ चढून झाडापाशी जाणार, पान चुरगाळणार, मगच पेन्सिल काढणार.

साठ सालानंतरची ती वर्षं. काठी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर मी शिक्षक होतो. भाऊसाहेब विमानातून काढलेले फोटो घेऊन आले. एकाच डोंगराचे दोन-दोन : एक साध्या फिल्मवर, दुसरा तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपणाऱ्या फिल्मवर. पहिल्यात सगळी झाडी सारखीच करडी. दुसऱ्यात नदी काळीकुट्ट, सागाचं रान पांढरं आणि मध्येच वेगळ्या छटेचे ठिपके. ते कशाचे, हे फोटो सांगत नव्हता. "फोटो मुका ऱ्हास, गुरुजी," ते म्हणायचे, "त्याले बोलता कराले मानूस लागस." माझ्या घरची अहिराणी त्या डोंगरात ऐकली आणि मी विरघळलोच.

तो माणूस मीच मिळवून दिला. रूपसिंगबाबा, पाड्यातला सर्वांत जाणता. "ह्या फोटोवरून बंधाऱ्याची जागा ठरेल," असं भाऊसाहेबांनी सांगितलं. मी ते बाबाला त्याच्या बोलीत समजावलं. बाबाने त्यांना हात धरून प्रत्येक ठिपक्याशी नेलं. मोहाच्या झाडांमधली भगर, घळीतली ज्वारी, झाडीआड धाकट्या मुलाने केलेलं शेत. भाऊसाहेबांनी सगळ्या पानांना हात लावला. बाबाकडे भाकर खाल्ली, होळीत ढोलामागे नाचले, पाय मुरगळला तर बाबाच्याच खांद्यावरून परत आले.

पुढच्या वर्षी बंधारा आला नाही. जंगलातली शेतं सोडण्याच्या, जंगलखात्याच्या नोटिसा आल्या. पाड्यावर वाचता येणारा मी एकटा, म्हणून मीच त्या वाचून दाखवल्या. त्यांत एकही चूक नव्हती. कुठल्या घळीत कुठलं पीक, तेसुद्धा बरोबर.

मी तडक नंदुरबारला भाऊसाहेबांच्या कचेरीत गेलो. "तुमले मालूम व्हतं?"

"मालूम व्हतं," खाली बघत ते म्हणाले. "नोकरी शे, गुरुजी." त्यांनी चहा पुढे केला. मी घेतला नाही.

इतका लाघवी माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि असा केसाने गळा कापणाराही नाही. पण त्यांचं बोलणं बाबापर्यंत पोचवणारी जीभ माझी होती.

एकदा बाबा शाळेपुढून चालला होता. मी सहज विचारलं, "यंदा काय पेरलं, बाबा?"

"काही नाही, गुरुजी," तो म्हणाला.

त्याच्या हाताला ओली माती होती.