झडत्यांची तबकडी

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझी पहिली तबकडी गोड आवाजावर चालली. प्रेमाची गाणी, पेटी, बासरी, आणि वऱ्हाडी शब्द औषधालाही नाही. सातवीत शाळा सोडून वडनेरहून मुंबईला आलेल्या मला तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या मालकांनी आपल्या घरी ठेवलं, जेवू घातलं, शुद्ध बोलायला शिकवलं. त्या घरचं मीठ मी विसरलेलो नाही. म्हणूनच दुसऱ्या तबकडीच्या दिवशी मालकांकडं बघायला मला जड जात होतं. मला गायचंच नव्हतं. झडत्या म्हणायच्या होत्या.

आमच्याकडं पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि एकेक जण पुढं होऊन झडती हाणतो. चाल नाही, सूर नाही. यमकावर यमक, समोरच्याला टोमणा, आणि शेवटी सारं गाव ‘महादेव’ म्हणून उत्तर देतं. उत्तर आल्याशिवाय झडती पुरी झाली असं कोणी धरत नाही.

ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. मी म्हटलं,

‘माहा बोल जाडा, जवारीची भाकर,
तुमच्या बोलावर वरून साखर;
साखर इरघळते एका पान्यात,
भाकर पुरते दिसभर रानात.’

आणि सवयीनं थांबलो. साजिंदे नुसते बघत राहिले. मालक काचेमागून बाहेर आले.

“पुढचं विसरलास?”

“नाही मालक. उत्तराची वाट पाहून राह्यलो.”

“कोणाच्या?”

“या सगळ्यायच्या.”

पेटीवाले बुवा हसले. “आम्ही वाजवायला आलोय बाबा, ओरडायला नाही.”

“हे गाणं नाही, भांडण आहे,” मालक म्हणाले. “लोकांना तुझा गोड गळा हवाय. फार तर एक बाजू या झडत्यांना देतो. दुसरीवर गाणी गा.”

दुसरा कोणी असता तर पाया पडला असता. मीही मान हलवणारच होतो. पण एकच बाजू घेतली असती तर पुढच्या तबकडीत तीही गेली असती, हे मला कळत होतं.

“दोन्ही बाजू झडत्याच.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर गावाकडचं, नांदुऱ्याचं तिकीट काढतो. तुमचं अन्न खाल्लं, तुमचे उपकार हायेत. पन मालक, तोंड माहं हाय.”

बोलून तर बसलो. गावी जाऊन करणार काय होतो? मालक पेटीकडं वळले. मग म्हणाले, “बुवा, पेटी मिटा.”

संपलं, मला वाटलं.

“याला उत्तर द्या. नाही तर हा पुढं सरकायचा नाही.”

पहिलं ‘महादेव’ देवघरात म्हणावं तसं आलं.

“बुवा, बैल दूर उभे हायेत,” मी म्हटलं. “त्यायले ऐकू गेलं पाह्यजे.”

या खेपेला तबलेवाल्यानंही तोंड उघडलं. मालक काचेमागं जाऊन बसले. पुढची झडती मी त्यांच्याकडंच तोंड करून हाणली.